मोशीचं पाळणाघर, शिफ्टवाल्या आईबापांनी वाचा (साडेतीन स्टार)

आधी आमचं सांगते म्हणजे रिव्ह्यू कळेल. मी नर्स, मॉर्निंग-इव्हनिंग-नाईट, नवरा चाकणला कंपनीत, दर आठवड्याला फर्स्ट-सेकंड-थर्ड बदलतं. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी इन्चार्ज सिस्टरच्या मनात येईल त्या दिवशी. पोरीचा हँडओव्हर जिन्यातच होतो, औषध दिलंय, शी झालीय, वरण गरम कर, बाय. कायद्याने 50 किंवा जास्त स्टाफ असेल तिथे पाळणाघर लागतंच, आमच्या हॉस्पिटलमध्येही आहे, पण टायमिंग नऊ ते सहा! नाईटवालीने पोर काय लॉकरमध्ये ठेवायचं?

म्हणून हे काकूंचं घरगुती पाळणाघर. सकाळी सहा ते रात्री साडेनऊ, महिना साडेसहा हजार, उशीर झाला तर अर्ध्या तासाला शंभर. आणि घेतात हं, ओव्हरटाईम होता, बस चुकली, काही ऐकत नाहीत, दोनदा वाजलंय यावरून आमचं. संध्याकाळी टीव्ही पण जरा जास्तच चालू असतो. पण आमच्या दोघांची ड्युटी लिस्ट त्यांनी फ्रीजवर चिकटवलीय, पोरीने रोज विचारलं की "आज घरी कोण, आई का बाबा" तर तिला बोट लावून दाखवतात. एवढं तर आमच्या घरी पण कोणी करत नव्हतं.

आणि एक गोष्ट त्यांच्यामुळेच कळली. दुसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "अगं ही कुजबुजतच खेळते गं, भातुकलीतली भांडी पण आवाज न करता ठेवते." बाबा थर्ड करून दिवसा झोपतो, मी नाईट करून झोपते, दोन वर्षं घरात फक्त शूsss शूsss चाललेलं, पोरगी तेच शिकली. मी तिथेच गेटवर रडले. त्या दिवसांत माझं असंही काही खरं नव्हतं, झोप नाही, नवऱ्याशी बोलणं म्हणजे व्हॉट्सॲपवर गॅस संपला दूध आण, उगाच पोरीवर खेकसायचं आणि मग ड्युटीवर दिवसभर ते आठवत बसायचं. एका नाईटला ब्रेकमध्ये टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन केला, 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. अजूनही मधूनमधून करते, लाजण्यासारखं काही नाही त्यात.

काकूंनी तिला गच्चीवर नेऊन मोठ्याने गाणी म्हणायला लावली. आता घरी येऊन किंचाळते, बाबाची झोप गेली खड्ड्यात.

दीड स्टार कापला कारण लेट फी आणि रविवारी बंद. या रविवारी मला सव्वासातला निघायचंय आणि नवऱ्याची बस येते पावणेआठला, मधला अर्धा तास शेजारच्या आजींना विचारून ठेवलाय, बघू.