शरीरावरचे प्रायोगिक लघुपट: तासाभरात कोणते दाखवाल?

फिल्म क्लबसाठी ‘माणसाचं शरीर आणि वेगळेपण’ असा विषय ठरला, की यादीत दोन नावं हटकून येतात: अमेरिकेचा स्टॅन ब्रॅकेज आणि इराणची कवयित्री फरूग फरोखजाद. दोघांनाही एकाच संध्याकाळी बसवायचा मोह होतो. तो आवरा, कारण एकाचा लघुपट दुसऱ्याला झाकून टाकतो.

ब्रॅकेजचा ‘द अ‍ॅक्ट ऑफ सीइंग विथ वन्स ओन आइज’ (१९७१) पिट्सबर्गच्या शवागारात चित्रित झाला. सुमारे ३२ मिनिटं, रंगीत, आवाज अजिबात नाही. ‘ऑटॉप्सी’ (शवविच्छेदन) या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं’, तेच हे नाव. डोक्याची कातडी सोलून पुढे चेहऱ्यावर ओढली जाते, तिथे काही प्रेक्षक उठून जाणार हे धरूनच चला. कडेच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा आणि तिकीट देतानाच स्पष्ट सांगा. वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर किंवा कॅमेऱ्याचं शिक्षण घेणाऱ्यांसमोर हा स्वतंत्र दाखवावा, चांगला चालतो. पण वेगळेपणाबद्दल तो काही बोलत नाही. मेलेल्या देहांत त्याला रंग आणि पोत दिसतात.

त्याचाच ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ (१९५९) बारा-तेरा मिनिटांचा आणि मूकच. पहिल्या मुलीचा घरात झालेला जन्म त्यात आहे. बायको जेन मधेच कॅमेरा हातात घेऊन नवऱ्याचा चेहरा टिपते. ज्याच्याकडे बघायचं आणि जो बघतो, त्यांची इथे क्षणभर अदलाबदल होते. बाळंतपणावर वेगळा कार्यक्रम असेल तर हाच घ्या.

मूकपटाची खरी अडचण सभागृहाची असते. पंखे, एसी, प्रोजेक्टरची घरघर हाच आवाज होऊन बसतो. नेटवर सापडणाऱ्या प्रतींना कुणीतरी हौसेने पार्श्वसंगीत चिकटवलेलं असतं, ती प्रत अजिबात घेऊ नका.

फरूगचा ‘खाने सियाह अस्त’, म्हणजे ‘घर काळं आहे’, १९६३ चा, २२ मिनिटांचा, कृष्णधवल. तबरीझजवळच्या बाबाबागी कुष्ठवसाहतीत १९६२ साली बारा दिवसांत त्याचं चित्रीकरण झालं. एक पुरुषी आवाज आजाराची माहिती कोरडेपणाने देतो. दुसरा आवाज खुद्द फरूगचा, धर्मग्रंथांतल्या ओळी आणि कविता म्हणणारा. वर्गात शिक्षक मुलाला सुंदर गोष्टी सांगायला सांगतो: चंद्र, सूर्य, फूल, खेळ. दुसऱ्याला कुरूप गोष्टी विचारतो. तो म्हणतो: हात, पाय, डोकं. आणि सगळा वर्ग हसतो. बघितली जाणारी माणसं इथे उत्तर देतात, म्हणून ब्रॅकेजपुढे माझं मत याच लघुपटाला.

मात्र हा शब्दांनी दाट आहे आणि भाषा फारसी. सबटायटल वाचता वाचता नजर चेहऱ्यावरून खाली घसरते. मराठी सबटायटल करणार असाल तर एका वेळी दोनच ओळी ठेवा, प्रत्येकी पस्तीसेक अक्षरांच्या. फाइल जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसतात. प्लेअरमध्ये देवनागरी फाँट निवडला नाही तर चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरं फुटतात. ‘हात, पाय, डोकं’ ही ओळ अर्धा सेकंद जरी आधी आली, तरी वर्गाच्या आधी प्रेक्षक हसतात आणि प्रसंग मातीत जातो.

अमेरिकन दिग्दर्शिका बार्बरा हॅमरचा ‘सँक्टस’ (१९९०, १९ मिनिटं) पूर्ण वेगळ्या वाटेचा. डॉ. जेम्स सिबली वॉटसन यांनी रॉचेस्टरमध्ये घेतलेल्या क्ष-किरणांच्या चलचित्रांवर तिने ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्म पुन्हा टिपणाऱ्या यंत्रावर) थर चढवले. सांगाडे पाणी पितात, जबडा हलवतात. कातडी नाही, त्यामुळे माणसामाणसांत ओळखण्यासारखा फरकही फारसा उरत नाही. थर आणि लुकलुक इतकी, की हलक्या प्रतीच्या फाइलमध्ये चौकोनांचा लगदा दिसतो. अपस्माराचा त्रास असलेल्यांसाठी सुरुवातीलाच सूचना द्या.

विलर्ड मासचा ‘जिऑग्रफी ऑफ द बॉडी’ (१९४३) सातच मिनिटांचा. स्वस्तातली भिंगं लेन्सला लावून कातडी, कान, बेंबी इतकी जवळून टिपली आहे, की हे कुणाचं काय, तेच कळत नाही. सोबतचं निवेदन आज जरा फुगलेलं वाटतं. सुरुवातीला ठीक, मध्यभागी नको.

हे सगळे जवळजवळ चौकोनी चौकटीचे, ४:३ चे. प्रोजेक्टर ‘फुल स्क्रीन’वर राहिला तर तीच चौकट १६:९ मध्ये ताणली जाते आणि प्रत्येक शरीर एक तृतीयांशाने रुंद होतं. शरीरावरच्याच लघुपटात शरीराची अशी मोडतोड! आदल्या दिवशी वर्तुळाचं चित्र लावून तपासा. ते लंबगोल दिसलं तर सेटिंग चुकलं. टीव्हीवर दाखवत असाल तर मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग, बंद करा.

जाहीर खेळाला सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि नग्नता असलेले लघुपट घेताना हे शेवटच्या आठवड्यावर ढकलून चालत नाही. ब्रॅकेजच्या प्रती सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्यन सिनेमा या वितरण संस्थेकडून मिळतात. १६ मिमी रीळ मागवली तर भाड्यापेक्षा येण्या-जाण्याचा खर्च जड होतो, म्हणून आधी डिजिटल फाइल मिळते का ते विचारा.

तर माझा क्रम असा: मास, हॅमर, फरूग. एकूण ४८ मिनिटं. आधी मालक नसलेली कातडी, मग कातडी नसलेला माणूस, शेवटी चेहरे. उलट लावलंत तर फरूगनंतर मासची भिंगं पोरखेळ वाटतात. फरूगनंतर ट्यूबलाइट लगेच लावू नका, एक-दोन मिनिटं जाऊ द्या.

आनंदवन ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकांकडून पहिला प्रश्न बहुधा औषधाचाच येईल. कुष्ठरोग बरा होतो, हे फरूगच्या लघुपटातही सांगितलं आहे. बहुऔषध उपचारपद्धती मात्र जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली, आणि भारतात ती सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. हे उत्तर सूत्रसंचालकाने तयार ठेवावं.