दारात आलेलं मांजर: घरात घ्यावं की बाहेरच सांभाळावं?

आधी त्याचे कान बघा. एका कानाचं टोक सरळ कापलेलं असेल, तर बहुधा नसबंदी झालेली आहे. गळ्यात पट्टा असेल किंवा ते पायात घुटमळत असेल, तर हरवलेलं असू शकतं. शेजारीपाजारी विचारा, पशुवैद्याकडून मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) आहे का ते तपासून घ्या.

मालक सापडला नाही आणि मांजर माणसाळलेलं असेल, तर घरात घ्यावं. पहिले दोन आठवडे वेगळी खोली, जंत-पिसवांचं औषध, लस. घरात आधीचं मांजर असेल तर त्याला आजार लागू नये म्हणून नव्याची रक्ततपासणीही.

हात पुढे करताच कान पाडून फिस्कारणारं मोठं मांजर मात्र कोंडू नका, ते पलंगाखाली दडून उपाशी राहील. त्याला बाहेरच ठरल्या वेळी खाणं-पाणी द्या (दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते नीट पचत नाही) आणि नसबंदी करून घ्या. नुसतं खाऊ घालणं मला पटत नाही. मांजरीचं गाभणपण जेमतेम 9 आठवड्यांचं, आणि 4-5 महिन्यांची पिल्लंही गाभण राहू शकतात.

लहान पिल्लं दिसली तर? 2 ते 7 आठवड्यांच्या वयात ती पटकन माणसाळतात, अशांना मी घरातच घेईन. पण आई आसपास नाही ना, हे लांबून काही तास बघूनच.