दोन इंची स्पंज बॉल, आठ महिन्यांनंतर: चौथा बॉल लहान आहे

जादूच्या खेळासाठी घेतलेला स्पंज बॉलचा हा सेट नवा असताना रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. आठ महिन्यांनी साडेतीन देतोय आणि कापलेला दीड तारा एकट्या चौथ्या बॉलच्या नावावर आहे. लाल रंग, मऊ जात, चारचा सेट, पाकिटावर 2 इंच. 2 इंच म्हणजे 50.8 मि.मी. तीन बॉल 50 ते 51 भरतात. चौथा 48.

‘तीन मिलिमीटरने असं काय बिघडतंय?’ विक्रेत्याचा प्रश्न हाच होता. बिघडतं ते असं, की व्यासात 3 मि.मी. कमी म्हणजे आकारमानात जवळजवळ 17 टक्के स्पंज कमी. डोळ्याला हा फरक कळायला बॉल शेजारी शेजारी ठेवावे लागतात, मुठीला मात्र लगेच कळतो. आणि स्पंज बॉलचा सगळा खेळ मुठीतच चालतो.

कोणी मोजणार असेल तर कॅलिपर वापरू नका. मऊ स्पंज जबड्यात दबतो आणि तुम्हाला हवं ते माप देऊन मोकळा होतो. जाड पुठ्ठ्यात कंपासने 48, 49, 50 आणि 51 मि.मी. व्यासाची भोकं कापा, कडा साफ करा आणि बॉल अलगद आत सारून बघा. ज्या भोकातून तो न दबता, कडांना जेमतेम घासत जातो ते त्याचं माप. बॉल फिरवून तीन दिशांनी हेच करा, कारण असे बॉल ठोकळ्यातून कापून काढलेले असतात आणि त्यात एखादा अंड्यासारखा निघतोच. माझ्या सेटमधला चौथा तिन्ही दिशांनी 48 आहे. म्हणजे निदान गोल तरी आहे.

आता नेहमीचा सल्ला: लहान असेल तर तोच कायम लपवून ठेवा, प्रेक्षकाला तीनच दिसतात. सल्ला देणाऱ्याने रुटीन, म्हणजे खेळाचा ठरलेला क्रम, हातात बॉल घेऊन केलेलं नसतं. साधं दोन बॉलचं रुटीन घ्या. टेबलावर दोन, तिसरा उजव्या हातात फिंगर पामला, म्हणजे मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी मुडपलेला. टेबलावरचा पहिला बॉल उचलताना लपलेला त्याला चिकटवायचा, दोन्ही मिळून एक असल्यासारखे प्रेक्षकाच्या तळहातावर ठेवायचे, मूठ बंद करायला लावायची. मग टेबलावरचा दुसरा उचलून डाव्या हातात दिल्याचा आव आणायचा, तो उजवीकडेच राहतो. डावा हात उघडला, बॉल गायब. प्रेक्षकाने मूठ उघडली, तिच्यात दोन. पण हिशेब बघा: सुरुवातीला लपलेला बॉल आता टेबलावर आला आणि टेबलावरचा आता तुमच्या पामला आहे. पहिल्याच फेरीत लपलेला बाहेर, बाहेरचा आत. कपाखालून बॉल गायब करण्याच्या आणि काढण्याच्या ‘कप आणि बॉल’ या जादूत जे ‘एक पाऊल पुढे’ तत्त्व चालतं, म्हणजे प्रेक्षकाला वाटतं त्याच्या आधीच एक बॉल गुपचूप जागेवर गेलेला असतो, तेच हे. त्यात कुठलाच बॉल कायमचा लपलेला राहत नाही. त्यामुळे सेटमधले सगळे बॉल सारखेच लागतात. चारातले तीन सारखे असून भागत नाही.

पहिले तीन महिने माझं मत हेच होतं आणि त्यावर मी ठाम होतो. नंतर थोडं बदललं.

झालं असं, की दोन बॉल एक म्हणून दाखवण्याची जी अवघड जागा आहे, तिथे लहान बॉल फारच सोयीचा पडतो. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांत पुढचा बॉल धरलेला असतो आणि मागचा त्याच्या पाठीला दाबलेला. दोघं सारख्या मापाचे असले की दाब जरा ढळला तरी मागच्याची कड पुढच्याच्या मागून डोकावते, लाल चंद्रकोरीसारखी, बहुधा करंगळीच्या बाजूने. तुम्हाला ती दिसत नाही, समोरच्याला दिसते. मागे 48 आणि पुढे 51 असला की ही कड उमटतच नाही. उलट ठेवला, लहान पुढे आणि मोठा मागे, तर मात्र कितीही दाबा, कड राहणारच.

मग रुटीनची रचनाच बदलली. पहिल्या फेरीत लहान बॉल लपवायचा आणि मोठ्याच्या मागून प्रेक्षकाच्या मुठीत द्यायचा. फेरी संपली की टेबलावर एक मोठा आणि लहान, पामला दुसरा मोठा. दुसऱ्या फेरीत टेबलावरचा मोठा आणि पामचा मोठा एकत्र प्रेक्षकाच्या हातात द्यायचे आणि लहान उचलून गायब करायचा. फेरीच्या शेवटी लहान परत तुमच्या हातात लपलेला. म्हणजे एका फेरीआड का होईना, तो ताब्यात राहतो. फक्त मधल्या वेळी टेबलावर मोठ्याच्या शेजारी पडतो तेव्हा दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवायचं.

यात एक खोट आहे आणि ती मोठी आहे. टेबलावरच्या दोनातला लहान कुठला हे बघायला नजर खाली जाते. अर्धाच सेकंद, पण तुमची नजर जिथे जाते तिथे प्रेक्षकाचीही जाते. जी नजर त्याच्या डोळ्यांवर असायला हवी ती बॉलची छाननी करायला लागली की संपलं. म्हणून लहान बॉल कायम आपल्या डाव्या हाताला ठेवायची सवय लावावी लागते. लागते, पण का लावायची? सारखे चार बॉल मिळाले असते तर ही कसरत करावीच लागली नसती. दीड तारा त्याचा.

आता साईजबद्दल. बाजारात 1, दीड, 2, 3 आणि 4 इंच अशी मापं सर्रास मिळतात. निवडताना बहुतेक जण आपला हात बघतात, मीही तेच केलं. कसोटी सोपी आहे. बॉल फिंगर पामला घ्या, हात नैसर्गिकपणे अर्धवट मुडपून शरीराशेजारी सोडा आणि आरशात तीन जागांवरून बघा: समोरून, आपल्या उजवीकडून आणि बसलेल्या प्रेक्षकाच्या उंचीवरून, म्हणजे खालून. बोटांच्या फटीतून लाल दिसला तर बॉल मोठा आहे किंवा जात कडक आहे. दुसरी खूण अंगठ्याची. बॉल धरल्यावर अंगठा ताणून बाहेर उभा राहत असेल तर हात काहीतरी लपवतोय हे लांबूनही कळतं. या कसोटीला मध्यम हातात मऊ जातीचा 2 इंची निभावतो. कडक जातीत त्याच हाताला दीड इंचावर यावं लागतं.

सुरुवातीला मी यावरच थांबलो होतो आणि तिथेच चुकलो. स्पंज बॉलचा साईज तुमच्या हातावर जेवढा ठरतो त्याहून जास्त समोरच्याच्या मुठीवर ठरतो. खेळाचा परमोच्च क्षण त्याच्या हातात घडतो, तुमच्या नाही. मोठ्या माणसाच्या मुठीत 2 इंचाचे दोन मऊ बॉल आरामात मावतात आणि मूठ उघडताच दोन्ही फुलून बाहेर उडतात. ओरडायला लावतं ते हे उडणं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मुठीत तेच दोन बॉल दिले की बोटं पूर्ण मिटतच नाहीत, करंगळीखालून लाल गोळा बाहेर येतो आणि शेजारचं मूल ‘अरे, दोन आहेत!’ म्हणून मोकळं होतं.

इथे गणित कामाला येतं. 2 इंचाच्या एका बॉलमध्ये दीड इंचाच्या बॉलच्या सुमारे 2.37 पट स्पंज असतो. म्हणजे दीड इंचाचे दोन बॉल एकत्र केले तरी 2 इंचाच्या एका बॉलएवढे भरत नाहीत. त्यामुळे मुलांसमोर दीड, मोठ्यांसमोर 2. मऊ जात दोन्हीकडे. कडक जातीचा बॉल मुठीत सतत उसळी मारतो आणि प्रेक्षकाला आत काहीतरी ढकलतंय असं जाणवतं. मऊ जात दबून गप्प बसते.

बॉल देताना आपल्या दुसऱ्या हाताने त्याची बोटं मिटवायची आणि ‘घट्ट धरा’ असं ती मिटत असतानाच सांगायचं. आधी सांगितलं तर तो हात आखडतो, नंतर सांगितलं तर तोवर बॉल सुटे झालेले असतात.

1 इंचाचा विचार सोडा. दोन हातांच्या अंतरावरून तो दिसत नाही आणि फुललेला कळत नाही. 4 इंची शेवटच्या धक्क्यासाठी बरा, पण त्यात 2 इंचाच्या आठपट स्पंज असतो. मऊ असेल तरच तो एका मुठीत कोंबता येतो, आणि खिशात तो सकाळपासून दाबून ठेवलात तर बाहेर काढल्यावर फुलायला वेळ घेतो, एका बाजूने चपटाच राहतो. ऐनवेळी खिशात घाला.

स्पंज सोडून कडक बॉलकडे जाणार असाल तर हिशेब वेगळा. तिथे दबणं नाही, त्यामुळे साईज पूर्ण तुमच्या तळव्यावर ठरतो. क्लासिक पाममध्ये बॉल अंगठ्याखालचा उंचवटा आणि समोरची गादी यांच्यात धरायचा, हात उलटा करायचा, बोटं मोकळी हलवायची. पडला तर लहान किंवा गुळगुळीत, तळवा दुखला तर मोठा. सरावाला घरात पडलेले खेळाचे बॉल चालतात. गोल्फचा बॉल नियमाने किमान 42.67 मि.मी. व्यासाचा असतो आणि 45.93 ग्रॅमच्या पुढे जात नाही. खळग्यांमुळे पकड छान, पण टेबलावर ठेवताना ठक्कन वाजतो. स्क्वॅशचा 40 मि.मी.चा, 24 ग्रॅमच्या आसपास, रबरी, पामला चिकटून राहतो आणि आवाज नाही. टेबल टेनिसचाही 2000 सालापासून 40 मि.मी.च, पण 2.7 ग्रॅमचा. एवढा हलका बॉल हातात आहे की सुटला तेच कळत नाही, आणि पकड आवळली की चिरतो. बोटांच्या चार फटींत बॉल वाढवत नेण्याच्या खेळात अर्धं पोकळ कवच असतं, ते बॉलवर बसतं म्हणून बाहेरून थोडं मोठं असणारच. तिथे मापातला फरक मी खपवून घेतो, कारण तो हेतूने ठेवलेला असतो.

कप आणि बॉलसाठी विणलेले बॉल 22 ते 29 मि.मी. कप एकात एक रचल्यावर मधल्या जागेत बॉल बसला पाहिजे आणि वरचा कप डुगडुगता कामा नये. डुगडुगला तर एक माप खाली या. शेवटी कपाखालून टेनिस बॉल काढायची हौस असेल तर तो 65.4 ते 68.6 मि.मी. असतो, कपाचं तोंड आधी मोजा. लोकरीसकट तो आत अडकला की कप आपटूनही पडत नाही, आणि त्या वेळचं तोंड लपवायला कुठलाच पाम नाही.

टिकाऊपणा ठीक. आठव्या महिन्यात पृष्ठभागावर नखांच्या खुणा आणि बारीक चुरा दिसतोय. तोही उन्हाच्या खिडकीजवळ ठेवलेल्या दोनांवर जास्त, कारण उजेडाने हा स्पंज ठिसूळ होतो. घामट हातावर पहिले काही आठवडे लाल रंग उतरला. कोमट पाणी आणि थोडा साबण, पिळायचे नाहीत, नुसते दाबायचे, सावलीत वाळवायचे. धुतल्यावर चपटेपणा बराच गेला. कोरड्या हवेत बॉल बोटांवरून निसटतात, त्याला मॉइश्चरायझरचा एक थेंब पुरतो. जास्त लावलात तर दोन बॉल एकमेकांना चिकटून बसतात आणि ऐन वेळी सुटत नाहीत.

तीन मोठे कात्रीने छाटून 48 करायचा मोह मला झाला होता. करू नका. कात्रीचा प्रत्येक घाव सपाट पैलू सोडतो आणि दाबून छाटलेला स्पंज फुलल्यावर भलताच आकार घेतो. एकावर प्रयोग केला, तो आता सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर: ‘मऊ मटेरिअलमध्ये थोडाफार फरक येतो.’ दुसरं: पूर्ण सेट परत पाठवा, वापरलेला चालणार नाही. न वापरता फरक कळणार कसा, याला उत्तर नाही. पुठ्ठ्याच्या भोकांचा फोटो, त्यात अडकलेले तीन आणि आरपार गेलेला एक, असा पाठवल्यावर सूर बदलला आणि एक सुटा बॉल विनामूल्य आला. रंग जरा नारिंगीकडे झुकणारा, जात किंचित कडक. पुठ्ठ्यावर लावला तर 51च्या भोकातून जाईना. 52चं भोक कापावं लागलं.