जॉर्जियातल्या वीज सहकारी संस्थेची वीज: १४ महिन्यांचा अनुभव

घर घेतल्यावर लाइटचं कनेक्शन नावावर करायला फोन लावला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी सगळ्यात आधी विचारलं, "तुम्ही आमचे सभासद आहात, की नव्याने होताय?" अटलांटा शहरात आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. तिथे बिल यायचं, भरायचं, संपलं. सभासद म्हणून कुणी कधी विचारलं नव्हतं. मे महिन्यात शहराच्या उत्तरेला तासाभरावर राहायला आलो, आणि या भागात वीज देते ती सहकारी संस्था. ५ डॉलर सभासद फी भरली आणि त्याच दिवशी सभासद क्रमांक हातात आला. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अशा ४१ वीज संस्था आहेत, सगळे त्यांना नुसतं 'ईएमसी' (इलेक्ट्रिक मेंबरशिप कॉर्पोरेशन) म्हणतात. या बाजूला घरं घेणारी मराठी कुटुंबं वाढताहेत आणि आपण कुणाची वीज वापरतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या तक्रारीही आहेत, त्यामुळे आमच्या संस्थेचं नाव इथे देत नाही.

मी श्रीरामपूर तालुक्यातला. आमच्याकडे माणूस कारखान्याचा सभासद असतो, विकास सोसायटीचा असतो, दूध संस्थेचा असतो. आमचे अण्णा तर विजेचेही सभासद होते. मुळा-प्रवरा वीज संस्था १९६९ साली निघाली. देशात प्रयोग म्हणून ज्या पाच ग्रामीण वीज संस्था तेव्हा काढल्या, त्यांतली ती एक. बाकीच्या कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. त्यांच्या उभारणीत अमेरिकेतल्या वीज सहकारी संस्थांच्या महासंघाचे तज्ज्ञ सल्लागार होते. म्हणजे मी आज जिथे बिल भरतो, त्याच घराण्यातली आमची ती संस्था. २०११ मध्ये मुळा-प्रवराचा परवाना संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. हुक्केरी आणि सिरसिल्ला मात्र टिकून आहेत.

अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते एकदम सरसावून बसले. म्हणाले, "बिल किती येतं ते राहू दे. संचालक किती, निवडणूक खरंच होते का, आणि हिशोब मागितला तर दाखवतात का, ते बघ आधी." वर्षभर मी या संस्थेकडे त्यांच्याच नजरेने बघत आलोय.

पण सुरुवात विजेपासूनच करतो. १४ महिन्यांत लाइट चार वेळा गेली. त्यातल्या दोनदा मिनिटाभरात परत आली. एकदा आधी कळवून दोन तास बंद ठेवली होती, कारण तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या होत्या. चौथी वेळ ऑगस्टमधली. संध्याकाळी वादळ झालं, पाऊस असा की समोरचं घर दिसेना, आणि ७:४० ला सगळी गल्ली अंधारात. मोबाईलवरून तक्रार नोंदवली. सव्वानऊच्या आत बकेटवाला ट्रक, म्हणजे माणसाला खांबावर उचलणारा पाळणा असलेला, गल्लीत शिरला. एकच लाइनमन, पन्नाशीचा, कपाळाला दिवा लावलेला. गाडीतूनच एकेका खांबावर झोत टाकत तो हळूहळू पुढे येत होता. मी छत्री घेऊन बाहेर गेलो आणि कोपऱ्यातल्या खांबाकडे बोट दाखवलं. वर एक नळी उघडून खाली लोंबत होती. आपल्याकडे शेतावर वाढलेला कुणीही ती ओळखेल: डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, पडला होता.

त्याने विचारलं, "तुम्ही या लाइनीतले का?" म्हटलं नाही, आमच्या विहिरीजवळच्या डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) डीओ मी लहानपणापासून बघितलाय. तो हसला आणि मला लांब उभं राहायला सांगितलं. आधी खांबाखाली पडलेली ओकची फांदी बाजूला केली. मग लांबलचक काठीने ती नळी खाली उतरवली, आतली जळालेली तार काढून नवी घातली, काठीच्याच टोकाने नळी पुन्हा वर अडकवली आणि एका झटक्यात बंद केली. फाट् असा आवाज झाला आणि गल्लीतले सगळे दिवे एकदम लागले. ९:३० वाजले होते. हातमोजे काढता काढता त्याने सांगितलं की त्याचं घर इथून चार मैलांवर आहे आणि तिथली लाइट अजून यायचीय. तोही संस्थेचा सभासद. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाने पूर्व जॉर्जिया झोडपलं, तेव्हा आमच्या संस्थेची माणसं तिकडच्या संस्थांच्या मदतीला गेली होती, त्यात तो दोन आठवडे होता. एका संस्थेवर संकट आलं की बाकीच्या संस्था आपले ट्रक आणि माणसं पाठवतात. बाहेरच्या राज्यांतूनही येतात. त्यांचा तसा आपसातला करारच असतो.

या भागात मोठी कंपनी का नाही, हे मला आधी कळत नव्हतं. कारण लाइनच्या लांबीत आहे. अमेरिकेतल्या वीज सहकारी संस्थांना मैलभर लाइनमागे सरासरी आठेक ग्राहक मिळतात. शहरी कंपन्यांना त्याच्या कितीतरी पट. १९३० च्या दशकाच्या मध्यावर शहरांत लाइट होती, पण दर दहा शेतघरांपैकी जवळपास नऊ अंधारात होती, कारण तिकडे तारा ओढण्यात कंपन्यांना फायदा दिसत नव्हता. या कथेत जॉर्जियाचा मोठा वाटा आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट पोलिओवरच्या उपचारासाठी इथे वॉर्म स्प्रिंग्जला येऊन राहायचे. तिथल्या छोट्या घराचं पहिलं वीजबिल आलं ते युनिटला १८ सेंटने, न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या हाइड पार्कच्या घराच्या जवळपास चौपट. हे त्यांनी स्वतः ११ ऑगस्ट १९३८ रोजी जॉर्जियातल्याच बार्न्सव्हिलला, एका वीज संस्थेच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं. ग्रामीण विद्युतीकरणाचा विचार त्या बिलापासून सुरू झाला, असंही ते म्हणाले. १९३५ मध्ये त्यांनी त्यासाठी वेगळं सरकारी खातं काढलं आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. सरकारने स्वस्त कर्ज दिलं, आणि शेतकऱ्यांनी दारोदार फिरून पाच-पाच डॉलर गोळा करत संस्था उभ्या केल्या. मी भरलेले ५ डॉलर तिथून चालत आलेत.

आता बिल. आमचं चार माणसांचं घर, थंड हवेचं मशीन विजेवर, स्वयंपाक गॅसवर. जुलैत १,६४० युनिट पडले आणि बिल आलं २१६ डॉलर ३७ सेंट. एप्रिलमध्ये ७०० च्या आत होतो, तेव्हा शंभराच्या आसपास. यात स्थिर आकार महिन्याला २८ डॉलर, वीज वापरा की नका वापरू. मला हा खटकतो. पलीकडच्या रस्त्यावर एक आजी एकट्या राहतात, अगदी जपून वीज वापरतात, त्यांच्या बिलाचा मोठा भाग या आकारातच जातो. बिलात खाली घाऊक विजेच्या खर्चाची एक ओळ असते, तीही समजून घ्या. आमची संस्था वीज तयार करत नाही. जॉर्जियातल्या ३८ संस्थांनी मिळून ओगलथॉर्प पॉवर नावाची वीज निर्मितीची संस्था काढली आहे, म्हणजे संस्थांची संस्था, आपल्याकडच्या दूध संघासारखी. व्होगल अणुवीज प्रकल्पात तिचा ३० टक्के वाटा आहे. तिथला तिसरा संच २०२३ मध्ये आणि चौथा २०२४ मध्ये सुरू झाला. दोन्हींना ठरल्यापेक्षा कितीतरी वर्षं आणि पैसे जास्त लागले. तो भार अखेर सभासदांच्याच बिलात उतरतो, कारण संस्थेत दुसरा मालक नाहीच.

जुलैचं ते २१६.३७ मी भरलं मात्र २१७. ही वरच्या डॉलरची सोय मला फार आवडली. तुम्ही हो म्हटलंत तर बिल पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत धरतात आणि वरचे सेंट गावासाठी बाजूला पडतात. वर्षाला कुणाचेच १२ डॉलर होत नाहीत. साउथ कॅरोलिनातल्या पामेटो संस्थेने १९८९ मध्ये हे सुरू केलं आणि आता देशभर चालतं. आमच्याकडे त्या पैशांतून गेल्या वर्षी स्वयंसेवक अग्निशमन दलाला नवे पोशाख मिळाले. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी उतार बांधून दिला. तो उतार आमच्या चर्चच्या रस्त्यावर आहे. जाता-येता दिसतो आणि प्रत्येक वेळी बरं वाटतं.

वर्षाअखेर एक पत्र आलं: तुमच्या नावावर ६१ डॉलर ४० सेंट जमा. खर्च भागून उरलेली रक्कम संस्था ज्याने जितकी वीज घेतली त्या प्रमाणात सभासदांच्या नावावर टाकते. लगेच हातात देत नाही. तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांत ती काही वर्षं फिरते आणि मग चेकने परत येते. आमच्याकडे साधारण वीस वर्षांनी. नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. उसाच्या बिलातून कापतात ती परतीची ठेव, तशीच ही. अण्णांनी विचारलं, "परत देतात हे नक्की?" मी ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या मुलीने यंदा परत केलेल्या रकमांचं पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. १९ आणि २० वर्षांपूर्वीच्या रकमा होत्या.

आणि आता वार्षिक सभा. शनिवारी सकाळी, हायस्कूलच्या मोठ्या हॉलमध्ये. दारात नाव नोंदवलं की प्रत्येकाला एक प्लास्टिकची बादली, तिच्यात एलईडीचे दोन दिवे आणि संस्थेचं कॅलेंडर. बिस्किटं, कॉफी, पोरांसाठी बकेट ट्रकमध्ये बसायची सोय. कोरम पुरा झाला, पण जेमतेम. माझ्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना आठवत होतं, घरात लाइट आली त्या रात्री त्यांच्या आईने इस्त्रीचे सगळे कपडे पुन्हा काढले आणि नव्या विजेच्या इस्त्रीने पहाटेपर्यंत इस्त्री करत बसली. तोवर चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या होत्या. "आईला झोप येईना," त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत काही वेळ गप्प राहिल्या.

निवडणूक मात्र निवडणुकीसारखी नव्हती. संचालकांच्या तीन जागा होत्या आणि तिन्ही ठिकाणी आधीचेच संचालक, एकेकच उमेदवार. आवाजी मतदानाने दोन मिनिटांत आटोपलं. एक सभासद एक मत हा नियम सुंदर आहे, पण मत द्यायला दुसरं नाव हवं ना. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बिनविरोध म्हणजे भांडण नाही असंच नसतं, कुणी हिशोब वाचत नाही असंही असतं." सभेत मी सोलरचा प्रश्न विचारला. छतावर पॅनेल लावले आणि जास्तीची वीज संस्थेला दिली, तर संस्था तिला आपण भरतो त्या दराच्या निम्म्याहून कमी दर देते. उत्तर मिळालं की लाइनचा खर्च सगळ्यांवर सारखा असतो, सोलरवाल्यांना पूर्ण दर दिला तर बाकीच्यांवर बोजा पडेल. यात तथ्य आहे, पलीकडच्या आजींचा विचार केला की ते पटतंही. पण तो हिशोब आकड्यांत दाखवा, एवढंच मी मागितलं होतं, आणि तो अजून मिळालेला नाही. संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं, तर लेखी अर्ज करून तीन आठवडे थांबावं लागलं. सभासदाच्या संस्थेत हे वेबसाइटवर आपोआप असायला हवं. पुढच्या सभेत तसा ठराव मांडायचा माझा विचार आहे. पोटनियमांप्रमाणे त्यावर सभासदांच्या २५ सह्या लागतात. सध्या ११ झाल्यात. इस्त्रीची आठवण सांगणाऱ्या बाईंची पहिली.

लाइट, माणसं, तक्रारीला उत्तर, यांत मी १४ महिने समाधानी आहे. कारभार उघडा ठेवण्यात संस्था कमी पडते.

नव्याने येणाऱ्यांनी तीन कामं करावीत. जोडणी घेताना पोटनियमांची प्रत मागून घ्या. वरच्या डॉलरच्या सोयीला हो म्हणा. आणि घर विकून जाताना नवा पत्ता ऑफिसात लिहून द्या. हे तिसरं सगळेच विसरतात. ऑफिसच्या काउंटरवर एक जाड यादी असते, ज्यांचे परतीचे चेक पत्त्याअभावी परत आले अशा जुन्या सभासदांची. सहज चाळताना तिच्यात एक मराठी आडनाव दिसलं. इथल्या महाराष्ट्र मंडळात चौकशी केली, तर ते कुटुंब पंधरा वर्षांपूर्वीच पुण्याला परतल्याचं कळलं. फोन नंबर मिळाला, काकांशी बोललो. त्यांना आधी ही फसवणुकीची भानगड वाटली. मग त्यांनी जुना सभासद क्रमांक शोधून काढला, फॉर्म भरून पाठवला, आणि मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला की ८४ डॉलरचा चेक पुण्यात पोचला.