जुहोआन्सी की हाड्झा, पेपरसाठी कोणते घ्यावेत?

शिकार-कंदमुळांवर जगणारे समाज, त्यांचं अन्नाचं वाटप आणि निसर्गाचं संवर्धन असा विषय मिळालाय आणि या दोघांत अडकला असाल, तर आधी हे ठरवा की लिहायचंय वाटपावर की संवर्धनावर, कारण या दोन गोष्टी एक नाहीत आणि ती गल्लत फार जण करतात.

वाटपासाठी मी डोळे झाकून जुहोआन्सी घेईन. नामिबिया-बोत्सवाना सीमेवरचे, कलहारीतले. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली 1963 पासून तिथे जात होते, त्यामुळे वाचायला मटेरियल भरपूर. जुहोआन्सींकडे मांस ज्याचा बाण जनावराला आधी लागला त्या बाणाच्या मालकाचं, आणि बाण तर एकमेकांना सारखे दिले-घेतले जातात, म्हणजे जो शिकारीला गेलाच नाही असा म्हातारा सुद्धा मालक होऊन मांस वाटतो. वर मोठी शिकार आणणाऱ्याला "काय रे हे, नुसती हाडंच की" असं ऐकवायचं, त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. शिवाय ह्खारो, म्हणजे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी वगैरे भेट द्यायचे, परतभेट कितीही उशिरा आली तरी चालते, पण आपल्याकडे दुष्काळ पडला की त्याच नात्यावर दुसऱ्याच्या भागात जाऊन राहता येतं. मला तर हा विमाच वाटतो.

हाड्झा टांझानियात लेक एयासीजवळ, हजारभर लोक. इथे देण्याघेण्याचा हिशोबच नाही, मागितलं की द्यायचं. फक्त "सगळे समान" असं सरसकट लिहू नका, मोठ्या जनावराचे ठराविक भाग दीक्षा झालेले पुरुषच खातात, त्याला एपेमे म्हणतात.

आता संवर्धन. स्मिथ आणि विश्नी या संशोधकांनी 2000 साली मुद्दा मांडला की नासाडी टाळायच्या हेतूनेच हात आखडला असेल तरच त्याला संवर्धन म्हणायचं. लोक कमी, वस्ती फिरती, म्हणून जंगल टिकलं तर ते त्यात बसत नाही. जुहोआन्सींचं नोरे, म्हणजे पाणी-कंदमुळांचा आपापला टापू, थोडं जवळ जातं, बाहेरच्याने तिथे विचारूनच यायचं, पण कोणी यायचं याचा तो नियम आहे, किती मारायचं याचा नाही.

आजच्या काळावर लिहायचं असेल तर मात्र हाड्झा घ्या. 2011 मध्ये याएदा खोऱ्यात त्यांना जमिनीचे सामूहिक हक्क मिळाले, जंगल राखल्याबद्दल कार्बन क्रेडिटचे (म्हणजे झाडं टिकवून रोखलेल्या कार्बनच्या मोबदल्याचे) पैसे येतात, आणि इथे राखण्याचा हेतू लेखी, स्पष्ट दिसतो. जुहोआन्सींची न्याए न्याए कन्झर्व्हन्सी, म्हणजे स्थानिकांनीच चालवलेलं संवर्धन क्षेत्र, 1998 ची आहे, ती तुलनेला एका परिच्छेदात पुरेल.