वायगावची हळद पाकिटात विकायची, तर जीआय की ट्रेडमार्क?

मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. तिच्या बचत गटानं यंदा हळद व्यापाऱ्याला न देता कांडून, पाकिटं करून विकायचं ठरवलंय. तालुक्याला एक जण भेटला, म्हणे 12 हजार द्या, तुमच्या हळदीचं पेटंट काढून देतो. दुसऱ्यानं सांगितलं, 10 रुपयांत सरकारी शिक्का मिळतो. "भाऊजी, कोनाचं खरं मानाचं? इकडे पोरी पाकिटं छापाले निघून राहिल्या."

आधी पेटंटचा विषय निकालात काढू. आपल्याकडे कुठल्याही सरकारी कागदाला पेटंट म्हणायची सवय आहे. पेटंट नव्या शोधाला मिळतं, आणि हळदीत नवं काय? जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या लोकांनी मिळवलं होतं. आपल्या सीएसआयआरनं (सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं) जुने ग्रंथ पुढे ठेवून 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. जे आपल्या आजीला माहीत होतं, त्याचं पेटंट होत नाही. गटाला तर त्याची गरजही नाही.

उरले दोन कागद. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, मालाचं नाव त्याच्या गावाशी जोडणारी सरकारी नोंदणी. ट्रेडमार्क म्हणजे आपल्या मालाच्या स्वतःच्या नावाची, चिन्हाची नोंदणी. 10 रुपये ही जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करण्याची सरकारी फी. आधी ती 500 होती, 2020 मध्ये कमी झाली. 12 हजारवाला बोलत होता ट्रेडमार्कबद्दल. त्यात सरकारी फी 4,500, तीही एकट्या माणसानं, स्टार्टअपनं किंवा लघुउद्योगानं ऑनलाइन अर्ज केला तर. बाकीच्यांना 9,000. वरचे पैसे त्या माणसाच्या मेहनतीचे. ते द्यावेत की नाही हा प्रश्न वेगळा, पण सरकारी फी म्हणून कोणी 12 हजार सांगत असेल तर पावती मागा.

या दोन कागदांतला फरक मी वहिनीला असा सांगितला: जीआय म्हणजे गावची पांढरी, सगळ्यांची सामायिक जागा; ट्रेडमार्क म्हणजे आपल्या घराचा सातबारा.

वायगाव (हळद्या) हे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव. इथल्या हळदीला 2016 साली जीआय मिळाला. ते नाव कुण्या एकाचं नाही. नोंदणी संस्थेच्या नावावर असते आणि हद्दीतले उत्पादक त्याचे वापरकर्ते होतात. कायद्यानं जीआय विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कुणाला वापरायला भाड्यानंही देता येत नाही. 'उत्पादक' या शब्दात पिकवणाऱ्याबरोबर माल प्रक्रिया करून पाकिटबंद करणाराही येतो, म्हणजे वहिनीचा गट स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो. मात्र हळद हद्दीतल्या गावांचीच पाहिजे. नोंदणीच्या कागदात ही हद्द लिहिलेली असते, तेव्हा आपलं गाव तिच्यात आहे का हे सगळ्यात आधी तपासा. नसेल तर शेजारच्या शिवारातली हळद कितीही पिवळीधम्मक असली तरी ती वायगावची नाही, आणि तसं लिहिणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड, असं जीआय कायद्यात आहे.

हा अर्ज चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे जातो आणि त्याची एक प्रत मूळ नोंदणीधारक संस्थेला द्यावी लागते. इथं एक मेख आहे जी तालुक्याला कोणी सांगत नाही. जीआयची मुदत 10 वर्षांची असते आणि संस्थेनं वेळेवर नूतनीकरण केलं नाही तर तिच्याबरोबर आपली नोंदणीही संपते. म्हणून अर्ज करण्याआधी संस्थेच्या माणसाला नूतनीकरणाचं सरळ विचारा आणि कागद बघा. "हो, होऊन राहिलं" या उत्तरावर विसंबू नका.

ट्रेडमार्कमध्ये कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. नाव आपलं, चिन्ह आपलं, दर 10 वर्षांनी फी भरली की पुढं चालू. पुढं गट मोठा झाला तर ते नाव विकताही येतं. पण कुठलंही नाव मिळत नाही. 'शुद्ध हळद' हे वर्णन झालं, ते मिळणार नाही. 'वायगाव' तर मुळीच नाही, कारण नोंदणीकृत जीआय कुणाच्या खासगी ट्रेडमार्कमध्ये येऊ नये अशी कायद्यातच तरतूद आहे. अर्ज तपासला जातो, मग जर्नलमध्ये छापून येतो, त्यानंतर चार महिने कुणालाही आक्षेप घेता येतो. उशीर झाला तरी हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो, ही त्यातली चांगली गोष्ट. ट्रेडमार्कची फी मालाच्या वर्गागणिक लागते. हळद पावडर वर्ग 30 मध्ये येते, तिखट आणि धनेपूडही त्यातच. म्हणजे अर्जात तिखटही लिहून ठेवलं तर उद्या गटानं मिरची कांडली तरी नवीन फी लागत नाही. ओली, कच्ची हळद मात्र वर्ग 31, तिची फी वेगळी.

आता माझीच एक फजिती. काही वर्षांपूर्वी घरच्या तिखटासाठी मी 2,000 पाउच छापून घेतले. छापणारा म्हणाला, नावाच्या बाजूला गोलातला आर टाकू, सगळेच टाकतात, भारी दिसते. टाकला. माल बाजारात गेला तेव्हा एका ओळखीच्या वकिलानं पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "नोंदणी झाली का?" झाली नव्हती. अर्ज केल्यावर टीएम लिहिता येतं. गोलातला आर नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच, नाही तर दंड बसतो. मग आठ दिवस संध्याकाळी छपरीत बसून आई, मी आणि दोन पुतणे त्या आरवर गोल स्टिकर चिकटवत होतो. अजून एक गठ्ठा माळ्यावर आहे. वहिनीच्या पोरींनी छापखान्यात जाण्याआधी हे ऐकावं म्हणून सांगतो.

सगळ्यात मोठा गुंता फीचा नाही. अर्ज कोणाच्या नावानं करायचा, तिथंच खरी गाठ. बचत गट बहुतेक वेळा कंपनी किंवा सोसायटी म्हणून नोंदलेला नसतो. म्हणून सोय म्हणून अध्यक्षबाईच्या नावानं ट्रेडमार्क काढतात, आणि कागदावर मालक होते ती एकटी. आज सगळ्या एकदिलानं पापड लाटतात. पण अध्यक्षबाईची सून उद्या वेगळी दुकानदारी करायला निघाली तर नाव घेऊन कोण जाणार? गटाच्या बायका तालुक्याच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद असतील, तर कंपनीच्या नावानं अर्ज करावा आणि गटाला वापराचं लेखी पत्र घ्यावं. वेळ लागतो, पण भांडण टळतं. जीआयच्या 10 रुपयांत हा वाद येत नाही, तिथं नाव कुणाचंच नसतं.

बाजारात कोण कामाचं? हे दोन्ही बाजूंनी बघायला पाहिजे. हळकुंड पोत्यात भरून मोंढ्यावर नेत असाल तर दोन्ही कागद तुमच्या काही कामाचे नाहीत, तिथं ओलावा आणि भाव बघतात. पाकीट नागपूर-पुण्याला जाणार असेल तर जीआय कामाला येतो, कारण 'वायगाव' हे नाव आधीच माहीत असलेला गिऱ्हाईक तेच शोधतो. पण त्याच नावाची शेजारच्या गटाचीही पाकिटं असतील, आणि त्यांच्यापेक्षा आमची बरी हे जीआय सांगत नाही. ते सांगायला स्वतःचं नाव लागतं, आणि नाव मोठं व्हायला दोन-तीन हंगाम जावे लागतात. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फोन करून नाव घेऊन मागायला लागला, तेव्हा 4,500 रुपये खर्च करावेत असं माझं मत. त्याआधी अर्ज करायचाच असेल तर एक कारण आहे, कुणी तेच नाव आधी नोंदवून ठेवलं तर. म्हणून अर्ज करा वा नका करू, ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नावाचा शोध घ्या. तो फुकट आहे.

वहिनीला मी सांगितलं: या हंगामात 10 रुपयांचा अर्ज, अन्न परवान्याची नोंदणी आणि साधी पाकिटं. ट्रेडमार्कसाठी नाव ठरवून ठेवा, दिवाळीनंतर गिऱ्हाईक नाव घेऊन मागायला लागलं तर अर्ज करा. ती म्हणाली, "नावच ठरून नाही राहिलं ना भाऊजी. अध्यक्षबाई म्हणते माह्या नातीचं ठेवा, आम्ही म्हणतो नाही."