तीस लिटरची बादली, पोट पंचविसाचं

इंग्लंडमध्ये घरी बिअर करत असाल आणि आंबवणाची बादली ऑनलाइन मागवणार असाल, तर आधी हे वाचा.

जाहिरात होती : ‘३० लिटर, साडेसहा गॅलन, ४० पिंटांच्या किटसाठी’. किट म्हणजे डब्यातला माल्टचा घट्ट पाक, त्यात पाणी घालून बिअर आंबवायची. ४० पिंट म्हणजे जवळपास २३ लिटर. वर फेसाला पाच-सात लिटर मोकळी जागा हवीच, तेव्हा माप चोख. बादलीवर लिटरच्या खुणांची पट्टीही चिकटवलेली.

२३ च्या खुणेपर्यंत भरून हायड्रोमीटर (द्रव पाण्याहून किती दाट ते दाखवणारी तरंगती नळी) सोडला, तर १.०४८! किटच्या डब्यावर १.०४०. ढवळून पुन्हा पाहिलं, तेच. माल्ट डब्यातला तेवढाच, म्हणजे पाणीच कमी. १.०४० येईपर्यंत ओतत गेलो, तर वर जेमतेम दोन बोटं जागा उरली. यीस्टला काय त्याचं! रात्रीतून फेसाने एअरलॉक (झाकणातली वायू बाहेर सोडणारी झडप) बुजला, झाकण उडालं, जिन्याखालच्या कपाटात सगळा चिकचिकाट. घरी काय ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नका.

बिअर बाटल्यांत गेल्यावर भारतात जाताना बॅगा तोलायचा काटा काढला. लिटरभर पाणी म्हणजे किलो. ‘२३’ पर्यंतचं पाणी, बादलीचं वजन वजा करून, भरलं १९ किलो. काठोकाठ भरली तरी पंचवीस होईना. तेव्हा उलगडा झाला. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, इथला ४.५४६ चा, इंग्लंडने १८२४ मध्ये नवा गॅलन आणला, अमेरिका जुन्यालाच धरून राहिली. विकणाऱ्या पठ्ठ्याने साडेसहा अमेरिकन गॅलनची बादली उचलली आणि इथल्या गॅलनच्या हिशोबाची लिटरपट्टी छापून डकवली. नजरचूक म्हणावी, तर पट्टीखाली नख घालून सोलली तेव्हा प्लास्टिकमधले मूळ उठावाचे आकडे निघाले. बरोब्बर तेच झाकले होते.

विक्रेत्याचं उत्तर : ‘गॅलन म्हणजे गॅलन. वापरलेली बादली परत घेत नाही.’ माल वर्णनाशी जुळत नसेल तर २०१५ च्या ग्राहक कायद्याने ३० दिवसांत व्यापाऱ्याकडून पूर्ण पैसे मागता येतात, असं कळवलं. लगेच जाहिरात गायब! थोड्याच दिवसांत तोच फोटो दुसऱ्या नावाने झळकला, किंमत दोन पौंडांनी जास्त.

तेव्हा बादली आली की माल्ट ओतण्याआधी पाणी भरून तोला, आणि पैसे कार्डानेच द्या. मी कार्डाच्या बँकेकडे तक्रार टाकली आहे; काट्याचा आणि सोललेल्या पट्टीचा, दोन्ही फोटो जोडलेत.